एक नाव, दोन हजेरीपत्रके
अध्यापकांचे बाहेरील अध्यापन : आपली गरज आणि आपली जबाबदारी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा सरत आला होता. बी.ए.एम.एस.ची अंतिम परीक्षा उत्तीर्ण होऊन आंतरवासिता करीत असलेला एक तरुण अनुभव घेण्यासाठी आमच्या चिकित्सालयात येऊ लागला. मुलगा घाटाखालच्या एका खेड्यातील, कपाशी पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या घरचा; अभ्यासू व नम्र. ज्वराच्या एका रुग्णासाठी षडंगपानीय सांगताना आम्ही त्याला मुस्तेविषयी विचारले. रस, वीर्य, विपाक, कर्म सर्व त्याने बिनचूक सांगितले. नंतर त्याला मागील परसात नेऊन "यातली मुस्ता दाखव" असे म्हटले, तेव्हा तो गोंधळला. मुस्ता तर कुंपणालगत सर्वत्र पसरलेली होती. आम्ही एक रोप गाठीसकट उपटून त्याच्या हाती दिले. ते पाहून तो हसला आणि म्हणाला, "सर, हा तं लव्हाळा आहे. लहानपणापासून निंदतो मी."

ज्या वनस्पतीला त्याचे हात जन्मापासून ओळखत होते, तिचेच गुणधर्म त्याने पाठ केले होते. मात्र या दोन गोष्टी एकच आहेत, हे साडेचार वर्षांच्या शिक्षणक्रमात त्याला कोणी दाखविले नव्हते. "द्रव्यगुण कोणी शिकविले?" असे विचारता त्याने सांगितले की, विभागाच्या फलकावर एका अध्यापकांचे नाव होते, परंतु विद्यार्थ्यांनी त्यांना कधी पाहिले नाही. ते नाव त्याने उच्चारले आणि आम्ही स्तब्ध झालो. प्रस्तुत लेख ज्या आम्हा स्नेही वैद्यांनी मिळून लिहिला आहे, त्यांच्यापैकीच एकाचे ते नाव होते.

हा लेखनप्रपंच त्या दिवसापासून मनात घोळत आहे. दुसऱ्यांचे दोष दाखविणे सोपे असते. येथे दोष आमच्याही पदरात आहे, म्हणूनच तो मोकळेपणाने मांडणे आम्हांस कर्तव्य वाटते.

परंपरेचा आधार

आपल्या नियमित कामाबाहेर जाऊन शिकविणे हे आयुर्वेदास नवे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे विस्तृत विवेचन आहे. एका शास्त्राच्या जाणकारांनी एकत्र येऊन बोलावे, त्यातून ज्ञान वाढावे, संशय फिटावेत, हा त्याचा हेतू. सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात तर शेळ्या-मेंढ्या व गायी राखणाऱ्यांना, वनात वावरणाऱ्यांना औषधींची नावे व रूपे ठाऊक असतात, असे मोकळेपणाने मान्य केले आहे. नाव आणि रूप त्यांच्याकडून घ्यावे, योजना मात्र शास्त्र जाणणाऱ्याने करावी, असा त्याचा आशय. म्हणजे द्रव्याच्या ओळखीसाठी गुरुकुलाच्या बाहेरचा शिक्षक आचार्यांनाही वर्ज्य नव्हता.

आधुनिक काळातही हेच दिसते. वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे आयुर्वेद महाविद्यालय सुरू केले. पुण्यात टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ साली उभे राहिले. त्या पिढीतील अनेक अध्यापक हे आधी व्यवसाय करणारे वैद्य होते. पुढे केंद्र शासनाने १९८८ साली दिल्ली येथे राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठ स्थापन केले, तेही गुरु-शिष्य परंपरेच्याच पायावर. व्यवसायात मुरलेल्या वैद्यांकडे पदवीधर शिष्याने राहून शिकावे, अशी त्याची रचना आहे. सारांश, विद्यालयाच्या भिंतीतून ज्ञान बाहेर जाणे व बाहेरचे ज्ञान आत येणे यांविषयी दुमत नसावे. प्रश्न आहे तो हे जाणे-येणे खरे आहे की केवळ कागदावरचे, एवढाच.

विद्यापीठांतील रीत

इतर विद्याशाखांत काय चालते, हेही पाहणे उद्बोधक ठरेल. बुलढाणा जिल्ह्यातील सर्वसाधारण महाविद्यालये अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या व आता संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्यापीठाकडे अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम व बुलढाणा हे पाच जिल्हे आहेत. १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठाने प्रत्येक गावी स्वतःच्या इमारती बांधल्या नाहीत. अस्तित्वात असलेल्या महाविद्यालयांतच अभ्यासकेंद्रे दिली गेली आणि नियमित विद्यापीठाचा प्राध्यापक सुटीच्या दिवशी मुक्त विद्यापीठाचा संमंत्रक म्हणून त्याच फळ्यापुढे उभा राहिला. शेतकरी, गृहिणी, एस.टी.तील कर्मचारी, पोलीस शिपाई यांना पदवीपर्यंत नेणारी ही व्यवस्था नियमित अध्यापकांच्या बाहेरील अध्यापनावरच उभी आहे. ती लपूनछपून चालत नाही. वेळापत्रक लागते, सत्राची नोंद होते, मानधन ठरलेले असते.

त्याच वेळी मर्यादाही आखून दिलेल्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पूर्णवेळ अध्यापकाने आठवड्यास किमान ४० तास कामासाठी द्यावयाचे असतात. त्यांपैकी प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकास १६ तास, तर सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकास १४ तास अपेक्षित आहे. मूळ कर्तव्यास बाध येईल असे अन्य काम, खाजगी शिकवण्यांसह, अध्यापकाने स्वीकारू नये, असेही त्यांच्या आचारसंहितेत नमूद आहे. शासकीय सेवेतील अध्यापकांस महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असून अन्य नोकरी वा धंद्यासाठी त्यांना पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

या सर्वांचे सार काढले तर तीन कसोट्या हाती लागतात. मूळ संस्थेची लेखी परवानगी आहे काय? मूळ काम अबाधित राहते काय? आणि जे शिकविण्याचे ठरले ते प्रत्यक्षात शिकविले जाते काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर बाहेरील अध्यापन हे भूषण होय.

येथे एक भेद मात्र विसरता कामा नये. तासिका तत्त्वावर काम करणारे अध्यापक या चर्चेत गोवले जाऊ नयेत. रिकाम्या पदांवर पूर्ण नेमणुका होत नाहीत, म्हणून उच्चशिक्षित तरुण सकाळी एका गावी व दुपारी दुसऱ्या गावी एस.टी.ने जाऊन तासिका घेतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली अतिथी अध्यापकांसाठी प्रतितासिका १५०० रुपये व महिन्यास कमाल ५०,००० रुपये असे मानधन सुचविले. आयोगाची शिफारस आणि प्रत्यक्ष हाती पडणारी रक्कम यांतील अंतर या तरुणांनाच विचारावे. त्यांचे दोन ठिकाणी शिकविणे ही हौस नव्हे, निर्वाह आहे. ते निदान वर्गात तरी जातात.

आमच्या जिल्ह्याची निकड

बुलढाणा जिल्ह्याचे तेरा तालुके अजिंठ्याच्या डोंगररांगेने दोन भागांत विभागले आहेत. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव ही मुंबई-हावडा लोहमार्गावरील गावे. जलंबहून फुटणारा छोटा फाटा खामगावास जातो. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. येथील वैद्यास ज्ञानाची नवी भर हवी असेल तर अकोला, अमरावती, जळगाव किंवा नागपूर गाठावे लागते. खामगावहून अकोला सुमारे ५० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन अर्धा दिवस. लोणार वा सिंदखेडराजाच्या वैद्याचा मात्र अख्खा दिवस जातो. दवाखाना बंद ठेवून एवढा प्रवास किती जण आणि किती वेळा करणार? म्हणूनच महाविद्यालयातील विद्वान आपल्या गावी येणे, ही आमच्यासाठी चैन नसून गरज आहे.

दुसरीकडे, द्यावयास आमच्याकडेही काही कमी नाही. संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत अंबाबरवा अभयारण्य आहे. बुलढाणा-खामगाव दरम्यान ज्ञानगंगा अभयारण्य आहे. सालई, बेहडा, धावडा, खैर, पळस, बिब्बा ही झाडे या भागात जिवंत पाहावयास मिळतात. शेजारच्या अकोट-अंजनगाव पट्ट्यात पानपिंपळीचे मळे आहेत. सितोपलादी चूर्णात रोज पिप्पली घालणाऱ्या किती वैद्यांनी पिप्पलीचा वेल पाहिला आहे, हा प्रश्न आपण स्वतःला विचारून पाहावा.

मुस्तेच्या त्या प्रसंगानंतर आम्ही एक प्रयोग केला. जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्राच्या अनुभवी प्राध्यापकांस रविवारी द्रव्यओळखीचे सत्र घेण्याची विनंती केली. त्यांनी पहिली अट घातली ती प्राचार्यांच्या नावे रीतसर पत्र देण्याची. पत्र दिले, परवानगी आली, मानधन व प्रवासखर्च ठरला. परिसरातील वैद्य, दोन-तीन फार्मसीचे मालक व आंतरवासिता करणारे विद्यार्थी जमले. फार्मसीधारकांनी आपल्या कोठारातील कच्च्या द्रव्यांचे नमुने पिशव्यांतून आणले होते.

त्या दिवशी जे दिसले ते सर्वांनाच अंतर्मुख करणारे होते. अशोकाची साल म्हणून घेतलेल्या एका नमुन्याविषयी प्राध्यापकांनी शंका व्यक्त केली. रस्त्याकडेला शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या उंच, सरळ आसुपालवास लोक अशोकच म्हणतात आणि त्याची साल खऱ्या सीता-अशोकाच्या नावाने बाजारात येते, हे त्यांनी दोन्ही साली शेजारी ठेवून दाखविले. शंखपुष्पीच्या नावाखाली कोठे विष्णुक्रांता तर कोठे गोकर्ण येते. नागकेशर म्हणून सुरंगीच्या कळ्या विकल्या जातात. रास्नेच्या नावाने तर प्रांतोप्रांती निरनिराळी द्रव्ये घेतली जातात. या गोष्टी आम्ही ग्रंथांत वाचल्या होत्या. त्या दिवशी त्या आमच्याच कोठारातून बाहेर निघाल्या. प्राध्यापक महोदयांस आयुर्वेदाचा योग ठाऊक नव्हता, आम्हांस रूप ठाऊक नव्हते. तीन तासांत दोन्ही बाजूंनी देवाणघेवाण झाली. बाहेरील अध्यापनाचे याहून उजवे उदाहरण आम्हांस सांगता येणार नाही.

कागदावरील अध्यापक

आता नाण्याची दुसरी बाजू. महाविद्यालयास मान्यता हवी तर अध्यापकसंख्या पूर्ण असावी लागते. भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेच्या २०१६ च्या विनियमांनुसार ६० विद्यार्थ्यांच्या आयुर्वेद महाविद्यालयास किमान ३०, तर १०० पर्यंत विद्यार्थी असल्यास ४५ पूर्णवेळ अध्यापक आवश्यक होते. नियमाचा हेतू निःसंशय चांगला. परंतु पूर्ण वेतन देऊन एवढे अध्यापक ठेवण्यापेक्षा, दूरगावी व्यवसाय करणाऱ्या पदव्युत्तर वैद्याची प्रमाणपत्रे घेऊन त्याचे नाव पटावर लावणे काही संस्थांस सोयीचे वाटले. 'कागदी अध्यापक' हा शब्द त्यातूनच आपल्या क्षेत्रात रूढ झाला.

आमच्या त्या स्नेह्याचे असेच झाले. नुकताच व्यवसाय थाटला होता, दवाखान्याचे भाडे निघत नव्हते. एका परिचिताने सुचविले : "काही करावयाचे नाही. प्रमाणपत्रे द्या, तपासणीच्या दिवशी हजर राहा." मानधन नियमित जमा होऊ लागले. तपासणीच्या दिवशी ते जात, सही करीत, समितीपुढे बसत आणि संध्याकाळी परतत. विद्यार्थ्यांचा चेहराही त्यांनी पाहिला नाही. आपण कोणाचे काही घेतले, असे त्यांना वाटत नव्हते. लव्हाळ्याचे रोप हाती धरून उभा असलेला तो मुलगा पाहिला, तेव्हा काय घेतले ते कळले. त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा पाठविला.

हे केवळ त्यांचेच अपराध होते काय? संस्थेने विचारले, आम्ही दिले. आम्हा सर्वांना ठाऊक होते आणि चहाच्या कपाबरोबर आम्ही त्यावर विनोदही केले होते. एक नाव दोन ठिकाणी असते तेव्हा माणूस निदान एका ठिकाणी नसतो. रुग्ण दवाखान्यात येतो म्हणून तेथील अनुपस्थिती लगेच लक्षात येते. विद्यार्थी मात्र तक्रार करीत नाही. तो पुस्तक पाठ करून उत्तीर्ण होतो आणि त्या रिकाम्या वर्गाची किंमत पुढे त्याचा रुग्ण मोजतो.

राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग अधिनियम, २०२० नुसार जून २०२१ पासून केंद्रीय परिषदेची जागा नव्या आयोगाने घेतली आहे. अध्यापकास विशिष्ट संकेतांक असतो, आधारशी जोडलेल्या हजेरीवर भर आहे. यंत्रणा कडक होत आहे हे स्वागतार्हच. तथापि यंत्र अंगठा वा चेहरा ओळखते, शिकविण्याची इच्छा ओळखत नाही. ती जबाबदारी शेवटी आपलीच आहे.

फार्मसीधारक बंधूंसाठी

हा विषय केवळ महाविद्यालयांचा आहे असे फार्मसीधारकांनी समजू नये. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील नियम १५७ नुसार आयुर्वेदिक औषधनिर्मिती ही अर्हताप्राप्त तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावयास हवी आणि ती व्यक्ती पूर्णवेळ नोकरीत असावी लागते. व्यवहारात काय घडते? परवान्यासाठी एका वैद्याचे नाव दिले जाते. तोच वैद्य कोठे महाविद्यालयात पूर्णवेळ अध्यापक असतो, कोठे स्वतःचा दवाखाना चालवितो. अशा वेळी अरिष्टाचे संधान झाले की नाही, भस्म वारितर झाले की नाही, याचा निर्णय कोण घेतो? बहुधा वर्षानुवर्षे काम करणारा कारागीर. त्याच्या अनुभवाचा अनादर आम्ही करीत नाही. परंतु वेष्टनावर ज्या शास्त्राची हमी आपण देतो, ते शास्त्र जाणणारा माणूस भट्टीजवळ नसेल तर ती हमी पोकळ ठरते.

उलट, जेथे बाहेरच्या विद्वानाचे साहाय्य खरोखर उपयोगी आहे, तेथे आपण ते घेत नाही. २००० साली अधिसूचित झालेल्या 'शेड्यूल टी'मध्ये गुणवत्ता नियंत्रण विभागात कच्च्या द्रव्यांच्या ओळखीसाठी संदर्भग्रंथ व संदर्भनमुने ठेवण्याची अपेक्षा आहे. किती फार्मसींत असे खात्रीशीर नमुने आहेत? महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचा किंवा द्रव्यगुणाचा अध्यापक वर्षातून चार दिवस रीतसर परवानगीने आला, तर प्रमुख द्रव्यांचे ओळख पटविलेले नमुने बरण्यांत भरून, त्यावर नाव, उपयुक्तांग, संकलनस्थळ व दिनांक लिहून ठेवता येतील. नाव उसने घेण्यावर आपण खर्च करतो. त्याच खर्चात ज्ञान विकत मिळते.

आमच्या सूचना

१. कोणत्याही अध्यापकास व्याख्यान, सत्र किंवा मार्गदर्शनासाठी बोलाविताना संघटनेने प्रथम त्याच्या संस्थाप्रमुखास पत्र द्यावे. परवानगीची प्रत शाखेच्या दप्तरी ठेवावी.

२. मानधन आधी ठरवावे व पावती घेऊन द्यावे. विद्वानास केवळ शाल-श्रीफळावर बोळवण करण्याची आपली सवय सोडावी. फुकट बोलाविलेल्या ज्ञानाची किंमत श्रोत्यांनाही वाटत नाही.

३. आपल्यापैकी ज्यांस शिकविण्याची आवड आहे, त्यांनी महाविद्यालयात उघडपणे अतिथी व्याख्याते म्हणून जावे. आठवड्यास दोनच तास घ्यावेत, पण ते घ्यावेत. नाडी, पंचकर्म, योगकल्पना यांतील अनुभव पुस्तकात सापडत नाही.

४. ज्या सदस्यांची नावे दोन ठिकाणी पूर्णवेळ म्हणून लागलेली आहेत, त्यांनी स्वतःहून एक नाव काढून घ्यावे. संघटनेने यासाठी कोणाची जाहीर वाच्यता करू नये; परंतु नव्याने असे कृत्य करणाऱ्यास पदाधिकारी करू नये, एवढे तरी ठरवावे.

५. जिल्ह्याच्या घाटावर एक व घाटाखाली एक अशी दोन द्रव्यओळख सत्रे दरवर्षी पावसाळ्याअखेर घ्यावीत. त्या वेळी वनस्पती फुलावर असतात आणि ओळख पक्की होते. आंतरवासिता करणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यात निःशुल्क प्रवेश असावा.

यांपैकी एकही सूचना खर्चिक नाही. अडचण आहे ती चौथ्या सूचनेची, याची आम्हांस पूर्ण कल्पना आहे. नव्या वैद्यास दवाखाना स्थिरावेपर्यंत दोन-चार वर्षे ओढगस्तीची जातात आणि त्याच काळात हे आमिष समोर येते. म्हणून ज्येष्ठांनी केवळ उपदेश न करता नवोदितांस आपल्या चिकित्सालयात काम द्यावे, रुग्ण पाठवावेत. पोट भरण्याची दुसरी वाट दाखविल्याखेरीज पहिली सोडावी असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तो तरुण पुढे आमच्याच सत्रात दुसऱ्या वर्षी स्वयंसेवक म्हणून उभा होता. नव्या विद्यार्थ्यांना त्याने सर्वप्रथम लव्हाळा उपटून दाखविला आणि हीच मुस्ता, असे सांगितले. आमचे ते स्नेही त्या वेळी मागच्या रांगेत बसले होते. सत्र संपल्यावर त्यांनी त्या मुलास जवळ बोलावून आपली ओळख दिली आणि क्षमा मागितली. मुलगा संकोचला, वाकून नमस्कार करून निघून गेला. त्यानंतर आमचे स्नेही दरमहा एका शनिवारी, रीतसर नेमणूकपत्र घेऊन, एका महाविद्यालयात द्रव्यगुणाचे प्रात्यक्षिक घेतात. एकच दिवस, पण त्या दिवशी ते तेथे असतात.

जिल्ह्यातील सर्व तालुका शाखांनी हा विषय आपल्या आगामी बैठकीत चर्चेस घ्यावा आणि सत्रांसाठी आपल्या परिसरातील जाणकार अध्यापकांची यादी तयार करावी, अशी आमची नम्र विनंती आहे.